तापलेला बाबा

गोरेगाव
१४ सप्टेंबर २०२५

रोशनदादा,

पत्र पाहून घाबरू नको. कोणी मेलं नाही. तू माया नंबर ब्लॉक केला, मायच्या मोबाईलवरून लावलो तं माया आवाज ऐकून तू फोन कापला. म्हणून पोस्टात गेलो. तिथल्या बाईनं इचारलं, "कोण्या पोट्टीले लिहून राहिला बे?" मी म्हणलो, "सख्ख्या भावाले." तिनं चष्मा काढून मले वरून खालपर्यंत पाह्यलं.

पत्र कसं सुरू कराचं ते शाळेत शिकवत होते तवा मी खिडकीतून बाहेर होतो. तवा सरळ सांगतो. 'तापलेला बाबा' तू बंद काऊन केला?

सकाळी उघडलो तं म्हणते, हे पेज उपलब्ध नाही. मले वाटलं नेट गेलं. मंग शेजारच्या बकारामकाकाच्या मोबाईलवर पाह्यलो. तिथंही नाही. मायले इचारलो तवा ती हळूच म्हणे, "रोशननं झाकलं. पोरीवाले पाहतील म्हणते, इज्जतीचा सवाल आहे."

वा रे इज्जत. पेज उघडलं तवा कुठी ठेवली होती? माया सिमचं इनकमिंग बंद होतं, तं तूच म्हणला, "माया नंबरवर उघड", म्हणून त्याची चावी तुयाकडं. नावही तूच ठेवलं. पहिला व्हिडिओ आठवते का? मुर्र्याच्या पोत्यात मी रबराचा साप टाकलो होतो. बाबानं हात घातला आणि असा उडाला, का झारा एकीकडं, टोपी एकीकडं. मंग झारा उचलून माया मांगं. "कोण्या गाढवाच्या बापानं पैदा केलं तुले?" आणि अर्ध्या वाटेत थांबला. "अबे, तो तं मीच होय!"

तू तो पाहून इतका हसला का चहा नाकातून आला. तो झारा हवेत हळूहळू फिरते ना, ते कोणं केलं? तूच.

त्याच्यानंतर आमगाव, तिरोडा, पार बालाघाटपासून लोक आपल्या मुर्र्यासाठी गोरेगावच्या बाजारात याले लागले. गरम वाळूत मुर्र्याचा तांदूळ फुटते ते पाहाले नाही, बाबा फुटते ते पाहाले. "काका, एक शिवी द्या ना." बाबा म्हणे, "मुर्रा घे. शिवी वरून फुकट." आधी चिडत होता. मंग टोपी नीट करून माया मोबाईलच्या समोर बसाले लागला आणि म्हणे, "टिंक्या, आज काही करत नाही का बे?"

माया तो मोबाईल भट्टीच्या वाळूत पडला आणि भाजला, तुले माहीत आहे. म्हणजे जे काही आहे ते त्या पेजवरच आहे. बाबाच्या ऑपरेशनपासून नवीन काही नाही आणि होणारही नाही. तंबाखूच्या खर्र्यानं अर्धी जीभ आणि जबड्याचं हाड नेलं, तू दवाखान्यात होता, तुले काय सांगू.

पेज उघड. धंदा बसून राहिला. एवढंच.

टिंकू

 

गोरेगाव
५ ऑक्टोबर २०२५

रोशनदादा,

तू उत्तर देणार नाही हे माहीतच होतं. तरी पोस्टाच्या बाईले दोनदा इचारलो. तिले आता दया येऊन राहिली.

मागच्या पत्रात धंद्याचं लिहिलो, ते खोटं होतं. धंदा बसला आहे, पण त्याच्यासाठी मी तुयासमोर तोंड वेंगाडलो नसतो.

बाबा रोज संध्याकाळी मायचा मोबाईल घेऊन भट्टीच्या मांगं बसे. डोक्यावरून दुपट्टा घेऊन. मले वाटे, भजन ऐकते. एक दिवस चोरून गेलो, भो करून दचकवाचं म्हणून. तं दुपट्ट्याच्या आतून बारीक आवाज येऊन राहिला होता, "दात असन तं या! नसन तं नातवाले पाठवा!" बाबाचाच. स्वतःचीच हाळी ऐकत बसला होता. मी भो केलो नाही. तसाच वापस आलो.

आता तो बटन दाबते आणि मोबाईल माया हातात देते. मले म्हणजे नेट लावाचं. मी सांगून राहिलो, टॉवर बिघडला. म्हातारा रोज अंगणात जाऊन टॉवरकडं पाहते.

तुले हे पण माहीत नाही, का तो आवाजच काढत नाही. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच बाजारात त्यानं हाळी द्याचा प्रयत्न केला. भांड्यात भात शिजते तसं काहीतरी निघालं. समोर एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, ते भोकाड पसरून रडलं. बाबानं दुपट्टा तोंडाले बांधला तो बांधला. आता घरात पण बोट दाखवते. पाणी पाहिजे तं गिलास वाजवते.

ज्या माणसाच्या शिव्या ऐकाले लोक रेल्वेनं येत होते, तो गिलास वाजवून राहिला, दादा. आणि त्याचा जो काही आवाज उरला, तो तुया खिशात आहे.

उघड बे.

टिंकू

 

गोरेगाव
२६ ऑक्टोबर २०२५

रोशनदादा,

दिवाळीले आला नाही, फोन आला. मायनं तुया अटी सांगल्या. मले वाटलं सरकारी टेंडर निघालं.

केशोरीले साक्षगंध. पोरगी गुंजन. तिचे बाबा मुन्नालाल, कृषी केंद्रवाले. आपले बाबा 'धान्याच्या व्यवसायात' आहेत. हव, मुर्रा काही कोळशाचा होत नाही, तेवढं खरंच आहे. मी टिंकू नाही, इंद्रकुमार. आणि इंद्रकुमारनं तिथं तोंड उघडाचं नाही, कारण व्हिडिओत मोबाईलच्या मांगून जो खिदळते तो मी होय, आणि मायं खिदळणं कोणीही ओळखंल. बाबाले तं कोणी ओळखणारच नाही. मिशी गेली, एक गाल आत गेला, तोंड बांधलेलं. तुयी चिंता मिटली.

हे सारं नीट झालं तं लग्न झाल्यावर पेज उघडशील. असं माय म्हणे.

मी नाही म्हणणार होतो. चांगली भाषा तयार ठेवली होती. पण बाबा बाजूलेच बसून ऐकत होता. त्यानं माया हातावर हात ठेवला आणि मान हलवली. मंग उठून पेटीतून आपला पांढरा कुर्ता काढला आणि मायसमोर धरला, धुवाले.

ठीक आहे. इंद्रकुमार तोंड बंद ठेवंल. तू आपला शब्द ठेव.

टिंकू

 

गोरेगाव
१० नोव्हेंबर २०२५

रोशन,

दादा लिहाले हात चालून नाही राहिला.

काल काय झालं ते तू पाह्यला. तरी लिहून राहिलो. तू खाली मान घालून आलूपोहा खात होता, तवा तुले बरोबर दिसलं का नाही, मले शंका आहे.

माणसं वाईट असते तं सोपं होतं. मुन्नालालकाकानं स्वतः बाबाले हाताले धरून गादीवर बसवलं. गुंजनच्या मायनं न सांगता बाबासाठी दुधात चुरलेला भात आणला. तिनं कोणाले इचारलं नाही, पाह्यलं आणि समजली. आणि मंग काकानं मोबाईल काढला आणि नव्या व्याह्याले, म्हणजे बाबाले, इचारलं.

"इवाई, तुमी तं गोरेगावचे. हा आदमी तुमाले माहीत असंल."

आणि लावलं ना बाप्पा!

"दात असन तं या!"

त्यायच्या घरात बाबाचा आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, फाटक्या ढोलासारखा. "नसन तं नातवाले पाठवा" हे त्यायच्या आजीनं व्हिडिओच्या आधीच म्हणून टाकलं. एक बारकं पोट्टं उठून नाचलं, "अबे, तो तं मीच होय!" सारं घर हसलं. गुंजन म्हणे, "बाबा, पुरे करा ना, पाहुणे आहेत." पण हसत तीही होती.

काका म्हणे, "आमच्या घरी जेवताना हाच लागते. मायं बीपी गोळीनं उतरत नाही, याच्या शिव्यानं उतरते. गंज सारे व्हिडिओ उतरवून ठेवलो मी. पण आता काही दिसत नाही. कोठं गेला हा?"

तुले घाम फुटला होता. "बाजारात असे गंज लोक बसतात, मामाजी."

"असा नाही बसत जवाई. असा एकच."

मंग काकानं बाबाकडं पाह्यलं. बाबानं तुयाकडं पाह्यलं. जास्त वेळ नाही. दुपट्ट्याखालून हात काढला आणि बोट वर केलं.

काकाचं तोंड उतरलं. "अरे राम. गेला?"

आणि तू म्हणला, "हो. गेले ते."

'ते' म्हणला. मेल्यावर लगेच इज्जत देली.

मी उठत होतो. तुले माहीत नाही, मी अर्धा उठलो होतो. बाबानं मनगट धरलं. इतकी वर्षं तापल्या वाळूचा झारा उचललेला हात, अजून ढिला झाला नाही. मी बसलो. बोटात मुंदी घालून झाली, पेढा झाला, फोटो झाले. फोटोत मी हसून राहिलो असंल. सवय आहे.

परत येताना बाबा जीपच्या खिडकीतून वावरात रचलेले धानाचे पुंजणे पाहत होता. माय रडत होती, ती पण आवाज न करता. आपल्या घरात आता सारेच गिलास वाजवतील असं वाटून राहिलं.

ते हसतील म्हणून भेत होता ना तू? हसले ते. पण ते हसणं ऐकलं का? घरच्या म्हाताऱ्यावर हसतात तसं. फक्त सांगाचं होतं, हाच तो. काकानं उठून गळ्याले लावलं असतं. एवढा सोपा पेपर होता आणि नागपूरचं शिकलेलं पोट्टं नापास झालं.

टिंकू. इंद्रकुमार तिथंच राहिला.

 

गोरेगाव
१६ नोव्हेंबर २०२५

रोशन,

मायनं फोन माया कानाले लावला. इतक्या महिन्यात पहिल्यांदा तू मायासंग बोलला आणि काय बोलला, "गधेड्या, हे तुयंच काम."

ऐक. मी शाळेत हेडमास्तरच्या खुर्चीवर खाजकुयली टाकलो, ते मायं काम. बकारामकाकाच्या बकरीले मतदान कार्ड लटकवलो, ते मायं काम. हे मायं काम नाही. जिता माणूस मेला असं मी कोणाले सांगलो नाही.

मुन्नालालकाकानं केलं ते. मनापासून केलं. आपल्याकडं कोणी गेलं का पोट्टे स्टेटस ठेवते, चौकात बॅनर लावते. काकाले वाटलं, एवढा हसवणारा आदमी गेला आणि कोणी दोन फुलं पण वाहिली नाही. म्हणून घरच्या पोट्ट्याकडून व्हिडिओ बनवून घेतला. बाबाचा झारा घेतलेला फोटो, त्याले हार चिपकवलेला, खाली हलणारा दिवा, मांगं रडकी बासरी. 'तापलेला बाबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. दात असन तं या म्हणणारा आवाज कायमचा बंद झाला.'

शेवटची ओळ तं खोटी पण नाही.

कृषी केंद्राच्या ग्रुपवरून निघाला तो अर्जुनी, देवरी, सालेकसा फिरून गोरेगावात आला. शनिवारी सकाळी पहिली भाजीवाली सुशिलाबाई रडत आली. दार कोणं उघडलं? बाबानं. ती किंचाळली, "भूत!" मंग पिशवीतले वांगे संपेपर्यंत फेकून मारले. "मेला नाही तं सांगाचं ना रे मुर्द्या!" मी हसलो. खरंच हसलो, पोट दुखेपर्यंत. मंग सालेकस्याकडून दोघं जण फटफटीवर नारळ घेऊन आले. बकारामकाका इचारे, तेरवीचं जेवण कुठी आहे. बाबानं साऱ्यायले पाणी देलं. स्वतःच्या मैतीले आलेल्या लोकायले. तवा मी त्याच्या हातातून गिलास घेतलो आणि पाणी वाटलो.

आणि संध्याकाळी काय पाह्यलो ते ऐक, मंग फोन कर.

बाबा भट्टीच्या मांगं, डोक्यावर दुपट्टा. मायचा मोबाईल आत. त्या श्रद्धांजलीत काकानं बासरीच्या मधात बाबाची हाळी टाकली आहे, एवढीशी. तेवढी ऐकाले तो पूर्ण श्रद्धांजली लावे. हार पाहे, दिवा पाहे, हाळी आली का मोबाईल कानाले लावे. मंग पुन्हा पहिल्यापासून.

पेज तुयाकडं, म्हणून बाप आपली श्रद्धांजली ऐकून राहिला. हे तुयं काम होय.

त्याच्याखाली लोकायनं लिहिलं पण आहे. 'अबे, काल तं मी याच्याकडून फुटाणे घेतलो.' 'तोंड बांधून बसते, ऑपरेशन झालं त्याचं.' मुन्नालालकाकाले वाचता येते.

टिंकू

 

गोरेगाव
२३ नोव्हेंबर २०२५

रोशन,

माय म्हणते लिहू नको, त्यालेच येऊन समजू दे. पण तुले कोणी अर्धं सांगंल आणि तू उरलेलं आपल्या सोयीनं जोडशील. म्हणून लिहितो.

बाजाराच्या दिवशी आले ते. काका आणि गुंजन. बाबा झाऱ्यानं मुर्रा उपसत होता. त्यानं मान वर केली आणि झारा तसाच हवेत राहिला, वाळू गळत राहिली.

काका म्हणाले, "इवाई." चप्पल काढून भट्टीजवळ आले. मंग म्हणाले, "मी तुमाले हार घातलो."

बाबानं हात जोडले. काकानं ते हात धरले आणि तिथंच पोत्यावर बसले, मुर्र्याच्या ढिगाले टेकून. पांढरा कपडा सारा राखेचा झाला.

गुंजन बसली नाही. ती मायाकडं पाहून म्हणे, "तुमी टिंकू ना? तुमचं हसणं माहीत आहे आमाले." मंग बाबाकडं वळली.

"बाबाजी, तुमी बोट वर केलं, त्याचं मले काही नाही. पोराच्या डोळ्यात पाहून केलं, मी बसली होती तिथं. पण त्यायनं तोंडानं 'हो' म्हणलं. उद्या मी आजारी पडली, माया चेहरा बिघडला, तं मले कोठं पाठवतील ते? बोटानं का तोंडानं?"

आणि मुंदी काढून फुटाण्याच्या टोपलीच्या झाकणावर ठेवली.

मी काय करणार होतो? मी मनात म्हणलो, शाबास. खोटं कायले सांगू? तुयं साक्षगंध मोडून राहिलं आणि मले उपास सुटल्यावर पहिला घास भेटल्यावानी वाटत होतं.

पण बाबानं दुपट्टा सोडला.

भर बाजारात, दादा. ते लेकरू रडलं त्या बाजारापासून मायसमोर पण न सोडलेला दुपट्टा. आत गेलेला गाल, वाकडं तोंड, टाके, सारं उन्हात. आणि बोलाले लागला. ते शब्द नव्हते. घरघर होती, लाळ होती. सुशिलाबाईनं तोंड फिरवलं. काकाले कळेना. गुंजनले कळेना. ती मले म्हणे, "काय म्हणून राहिले ते?"

मले सारं कळत होतं. लहानपणापासून त्याच्या शिव्या खाल्ल्या, अर्ध्या तोंडातून पण कळते.

"तो म्हणते, रोशन चांगला पोरगा आहे. दवाखान्यात माया लघवीची पिशवी त्यानं बदलली. त्याले लाज वाटली, लाज कोणालेही वाटते. मलेही वाटली, म्हणून मी तोंड बांधलो. त्याच्या एका शब्दासाठी त्याले सोडू नको, बाई."

जसंच्या तसं सांगलो. एक शब्द माया घातलो नाही. घालाचा होता, गंज होते तयार.

तोपर्यंत गर्दी झाली होती. लोकायले समजलं, तापलेला बाबा बोलून राहिला. एकेक करून सारे मोबाईल वर झाले. तुया हातात असता तं तुयाही वर झाला असता, मायाही. मी बारदाना उचललो, दोन्ही हातानं ताणून बाबासमोर उभा राहिलो. "बाजूले व्हा बे! कोणी काढलं तं मोबाईल वाळूत टाकीन!" बारदान्याच्या मांगं बाबा बोलतच होता. तुयासाठी.

गुंजननं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. मुंदी उचलली नाही. म्हणे, "त्यायले इथं येऊन बसू द्या. बाबाजीच्या बाजूले, साऱ्या बाजारासमोर. मंग मी इचार करीन. करीन म्हणली, 'हो' नाही म्हणली." मंग काकानं सारे व्हिडिओ मायच्या मोबाईलवर पाठवले आणि मुर्रा घेऊन गेले. पैसे बाबानं घेतले नाही. काकानं जबरदस्तीनं टोपलीत टाकले.

मुंदी मायच्या पेटीत आहे.

पेज ठेव आता तुयाजवळ. उघड, का नको उघडू. बाजार तुले माहीत आहे, जागा तीच. आणि आला तं एवढं लक्षात ठेव, बाबा आता तोंड बांधत नाही. तुयासंग बोलंल. पहिल्यांदा तुले काही कळणार नाही. पुन्हा इचार. मी बाजूले बसून राहीन, पण सांगणार नाही.

टिंकू